रफूकाकांच्या बोटाचा दावा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत रफूकाकांचे दुकान आहे. पुढे एक फळी, फळीवर दिवा, दिव्यापाशी लोखंडी दांडीवर बसवलेले भिंग. मागे पडदा, आणि पडद्याआड कपड्यांचे गठ्ठे. फाटलेला, कुरतडलेला, ठिणगीने जळलेला कपडा येथे येतो आणि धड होऊन परत जातो. वकिली सोडल्यापासून माझी संध्याकाळ या दुकानासमोरच्या बाकावर जाते. त्यामुळे पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे मी स्वतः पाहिलेले आहे. जे पाहिले नाही ते काका-काकूंपैकी एकाने सांगितले असून दुसऱ्याने त्यास हरकत घेतलेली नाही.

रफूचे काम उजव्या हाताने होते असे पाहणाऱ्यास वाटते, कारण सुई उजव्या हातात असते. वस्तुतः ते डाव्या हाताच्या तर्जनीवर होते. कापड त्या बोटावर ताणलेले असते, आणि कोणता धागा वर आहे, कोणता खाली, ताण कोठे सैल पडला, हे बोटाचे टोक खालून सांगते. डोळे नंतर केवळ खात्री करतात. लागणारा धागाही बाहेरून आणत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जेथे कोणाची नजर जात नाही तेथून, एकेक उपसून काढतात. हे धागे उपसण्याचे काम लग्न झाल्यापासून काकूंकडे होते. कपडा तयार झाला की काका तो गिऱ्हाइकासमोर पसरत आणि म्हणत, "शोधून दाखवा बघू, कुठं फाटलं होतं!" गिऱ्हाईक शोधी, हरे, आणि मगच पाकिटाला हात घाली. हा त्यांच्या धंद्यातला रिवाज होता. त्यांच्या वडिलांचाही होता.

त्या तर्जनीला एकदा नखुरडे झाले. सुई तर रोजचीच टोचते, म्हणून काकांनी ते अंगावर काढले. बोट सुजून ठणकू लागले तेव्हा ते गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात गेले. तेथले डॉक्टर भले गृहस्थ. अर्धी वस्ती त्यांच्या औषधावर वाढलेली. त्या सकाळी बाहेर बसायला जागा नव्हती. डॉक्टरांनी बोट सुन्न केले, रक्त येऊ नये म्हणून बोटाच्या बुडाशी रबराची बारीक पट्टी आवळली, चीर देऊन पू काढला, वर जाड बँडेज बांधले, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले. रबर तसेच राहिले.

बोट ठणकत राहिले. काकूंनी दवाखान्यात फोन केला. कंपाउंडर म्हणाला, "कापल्यावर दुखणारच हो काकू. गोळी द्या आणि झोपू द्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा गोळी. मग ठणका अचानक थांबला. काकांना हायसे वाटले. काकूंना वाटले नाही.

"इतकं दुखत होतं ते एकदम थांबलं कसं? उठा."

"अगं, थांबलं तर थांबलं. तुला दुखलेलं बरं वाटतं का माझं?"

"उठा म्हणते ना."

मोठ्या रुग्णालयात बँडेज सोडले तेव्हा आत काळे, थंड बोट होते. नर्सने बुडाशी रुतलेले रबर चिमट्याने काढून ताटलीत ठेवले. वरची दोन पेरे काढावी लागली. काय आढळले आणि काय केले, हे तेथील डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहून दिले, हे त्यांचे उपकार. सर्वच तसे लिहीत नाहीत.

काकूंचा धाकटा भाऊ बस चालवतो. तो भेटायला आला तोच दावा घेऊन.

"दाजी, सोडायचं नाही आता. कोर्टात खेचायचं. बंगला होतो की नाही बघा."

"दोन पेरांत बंगला?" काका म्हणाले. "अख्खा हात गेला असता तर गाव विकत घेतलं असतं म्हणायचं."

काकू म्हणाल्या, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"ताई, ते शहाण्याला सांगितलंय. आपला काय संबंध?"

मग तिघेही माझ्याकडे वळले. असल्या प्रकरणांत माणसे जे विचारतात तेच त्यांनी विचारले, आणि मी आयुष्यभर जे सांगत आलो तेच सांगितले. गुण आला नाही म्हणजे डॉक्टरची चूक झाली, असे कायदा मानत नाही. सावधपणे उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने जे केले नसते ते यांनी केले, हे दाखवावे लागते. आवळलेले रबर विसरणे हे त्यात बसते. परंतु चूक ही एक गोष्ट, नुकसान ही दुसरी, आणि त्या चुकीनेच ते नुकसान झाले ही तिसरी. तिन्ही सिद्ध झाल्या पाहिजेत.

"आणि मी अंगावर काढलं ते?" काकांनी विचारले.

"ते विचारतीलच. तुमचा हलगर्जीपणा जेवढा ठरेल तेवढी भरपाई कमी होईल. दावा त्याने बुडत नाही."

"घाई आहे का? म्हणजे जरा बरं वाटल्यावर..."

"मुदत असते. माझ्याकडे लोक बहुधा ती उलटल्यावरच येत. कागद सगळे जपा, गोळ्यांच्या चिठ्ठ्यासुद्धा. आणि कोणी सही मागितली तर मला विचारल्याशिवाय करू नका."

सही मागायला डॉक्टर स्वतःच आले. फळीसमोर उभे राहिले, त्या झाकलेल्या बोटाकडे पाहून मान खाली घातली आणि म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं हो." नंतर त्यांनी खिशातून एक लिफाफा आणि एक टाईप केलेला कागद काढला. आपली आता कोणतीही तक्रार उरलेली नाही, अशा अर्थाचा तो कागद होता. डॉक्टर उभे आहेत आणि आपण बसलो आहोत याचाच काकांना इतका संकोच झाला की त्यांनी पेन शोधायला सुरुवात केली. काकूंनी पडद्याआडून स्टूल आणून ठेवले.

"डॉक्टर, बसा. चहा घ्या. कागद राहू द्या."

डॉक्टरांनी चहा घेतला, कागद परत नेला.

जखम भरल्यावर काका फळीवर बसले. पहिला कपडा म्हणजे एक लोकरी पँट होती. कापड ताणायला त्यांनी मधले बोट पुढे केले. पण इतकी वर्षे न शिकलेले बोट एका महिन्यात काय शिकणार? रफू झाले, पण कापड तेथे चुणले. त्यांनी उसवले, पुन्हा केले, पुन्हा चुणले. तिसऱ्यांदा उसवल्यावर त्यांनी पँट गठ्ठ्यावर भिरकावली आणि ते बाहेर माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. आत काकूंनी पँट उचलली, पडद्याआड दिवा नेला आणि त्या कामाला बसल्या. इतकी वर्षे धागे उपसताना त्या नुसते धागे उपसत नव्हत्या, हे त्या दिवशी कळले. काकांनाही त्याच दिवशी कळले.

काम झाल्यावर काकांनी पँट भिंगाखाली धरली, उलटसुलट केली. "बरं आहे," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आल्यावर मात्र कपडा पसरून म्हणाले, "शोधून दाखवा बघू!"

तेव्हापासून तसेच चालले. काकू पडद्यामागे, काका फळीवर. गिऱ्हाइकांना वाटे, बोट जाऊनही काकांचा हात गेला नाही. काका तसे म्हणत नसत. पण गिऱ्हाईक म्हणाले तर नाकारीतही नसत. काकूंना मी एकदा सहज विचारले तेव्हा त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "पाटीवर नाव त्यांचं, भाऊ. डोळे माझे. चाललंय."

दावा दाखल झाला. वकीलपत्र माझ्या एकेकाळच्या सहायक वकीलबाईंना दिले; त्यांनी ठरावीक खर्चापलीकडे काही घेणार नाही असे आधीच लिहून दिले, कारण फीविषयीचे समज तोंडी ठेवू नयेत हे त्या माझ्याकडे असतानाच शिकल्या होत्या. शपथपत्रात काकांनी लिहिले की बारीक रफूचे काम आता आपल्याच्याने होत नाही. ते खरे होते. त्यापुढचे त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.

मग तारखा सुरू झाल्या. ज्याने न्यायालयाचा व्हरांडा पाहिला आहे त्याला मी काय सांगावे, आणि ज्याने पाहिलेला नाही त्याला सांगून काय कळावे? सकाळी दुकान बंद करून जायचे, भिंतीला टेकून बसायचे, नाव पुकारले की उठायचे, पुढची तारीख ऐकून परतायचे. कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरचे वकील आजारी, कधी वेळच संपलेली. डॉक्टरही तेथेच, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला असत. त्यांचेही रोगी तिकडे खोळंबलेले.

"बोट कसं आहे?" ते विचारीत.

"आहे तेवढं बरं आहे," काका सांगत.

"आणि तुमची कंबर?" काकू डॉक्टरांना विचारीत. "बाक कडक आहे हो. उशी आणत जा."

मेहुणा दर वेळी फोन करून बंगल्याची चौकशी करी. शेवटी काकूंनी त्याला सांगितले, की बंगल्याचा जिना तेवढा झाला आहे, रोज चढतोय.

अशा एका संध्याकाळी वकीलबाई दुकानात आल्या. चेहरा उतरलेला होता. त्यांनी पिशवीतून एक छायाचित्र काढून फळीवर ठेवले. एक करडा कोट होता.

"काका, हा ओळखता का?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. काही महिन्यांपूर्वी एक अनोळखी माणूस कोपराला फाटलेला कोट घेऊन आला होता; नेताना फार वेळ न्याहाळत होता.

"तो डॉक्टरांच्या विमा कंपनीच्या वकिलांचा माणूस होता. कोट, पावती, सगळं कोर्टात आलंय. तुम्ही म्हणालात, शोधून दाखवा. तेही त्यानं लिहिलंय. त्यांचं म्हणणं, ज्याच्या हातचं काम शोधून सापडत नाही त्याच्या हाताला काय झालंय?" त्या थांबल्या. "काम कुणी केलं?"

पडद्याआडचा सुईचा बारीक आवाज थांबला.

"मी," काका म्हणाले.

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाल्या, "तसं असेल तर तुमचं शपथपत्र खोटं ठरतं. दावा जातो, वर खोट्या शपथेबद्दल विचारतील ते वेगळंच. तसं नसेल तर कोर्टात सांगा, कुणी केलं ते. तिसरी वाट नाही." एवढे बोलून त्या उठल्या. पडद्याआडून काकू बाहेर आल्या नाहीत.

काका बाहेर बाकावर आले.

"साहेब, खोटं न बोलता गप्प बसता येतं का?"

"येतं. पण मग बोलायचं काम ते करतील, आणि त्यांचंच खरं धरलं जाईल."

"एवढ्या लोकांनी माझ्या हातावर विश्वास टाकला. वडिलांचं नाव आहे पाटीवर, माझं आहे. आता काय सांगू, वर्षभर तुम्हाला बनवलं?"

"तुम्ही बनवलंत काय? कपडे तर धडच गेले."

"ते धड तिच्यामुळं गेले. सगळा लोच्या तिथंच आहे ना."

आतून काकूंचा आवाज आला. राग नव्हता त्यात. दिवसभर वाकून बसलेल्या माणसाचा आवाज होता.

"अहो, काय सांगायचं ते सांगा. नाही सांगायचं तर नका सांगू. पण एकदाचं ठरवा, आणि तो दिवा इकडे सरकवा. मला दिसत नाहीये."

काका उठून आत गेले आणि दिवा सरकवून आले. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर माझ्याशी बोलणे काढले नाही.

उलटतपासणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर काकूंशेजारी होतो. समोरचे वकील तरुण आणि नम्र होते. त्यांनी तोच करडा कोट टेबलावर पसरला.

"हा आपल्या दुकानात दुरुस्त झाला?"

"झाला."

"देताना आपण, शोधून दाखवा, असं म्हणालात?"

"म्हणालो. नेहमी म्हणतो."

"मग आता आपणच दाखवा. कुठं फाटला होता?"

प्रश्न त्यांनी बहुधा खेळकरपणे विचारला असावा. रफूगार क्षणात बोट ठेवील आणि ते बोट न्यायाधीशांना दिसेल, असा त्यांचा हिशेब होता. काकांनी कोट ओढून घेतला. कोपर चाचपले. उजव्या हाताच्या बोटांनी, मग डाव्या हाताच्या मधल्या बोटाने, मग तर्जनीच्या उरलेल्या एका पेराने. चष्मा कपाळावर ढकलून कापड डोळ्यांपाशी नेले. न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली. मला वाटले, ते उगाच कोठेतरी बोट ठेवतील आणि सुटतील. ते त्यांना सहज करता आले असते, खरी जागा तेथे काकूंशिवाय कोणाला दाखवता आली नसती.

"मला सापडत नाही," काका म्हणाले.

"सापडत नाही? काम आपलंच ना?"

काकांनी कोट घडी घालून टेबलावर ठेवला. घडी घालायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"माझं नाही. हिचं आहे. ती तिकडे बसलीय, निळी शाल. बोट गेल्यापासून दुकानातलं सगळं काम तिचं आहे. मी नुसता गिऱ्हाइकांपुढं बसतो आणि फुशारकी मारतो."

न्यायाधीशबाईंनी काकूंना पुढे बोलावले, शपथ दिली, आणि कोट त्यांच्यापुढे सरकवण्यास सांगितले. काकूंनी बाहीची घडी उलगडली आणि कोपराच्या थोडे वर नख टेकवले. "इथून इथवर. शिवणीतला धागा थोडा कमी पडला होता, म्हणून खालच्या दुमडीतनं घेतला." त्या काकांकडे न पाहता बोलत होत्या. काका मात्र त्या नखाकडे पाहत होते.

तरुण वकील गडबडले नाहीत. ते हुशार होते. ते म्हणाले, "म्हणजे दुकान पूर्वीइतकंच चालतंय. घराचं उत्पन्न बुडालेलं नाही."

निकालात नेमके तेच आले. डॉक्टरांचा निष्काळजीपणा निःसंशय सिद्ध झाला. नखुरडे अंगावर काढल्याचा दोष काकांना लावला नाही, कारण बोट नखुरड्याने गेले नव्हते, रबराने गेले होते. वेदना व अवयव यांबद्दल भरपाई मिळाली. काकांनी खरे सांगितले, याची निकालात एका ओळीत नोंद झाली. उपजीविकेच्या नुकसानीची मागणी मात्र निम्म्याहून कमी मान्य झाली. व्यवसाय पत्नीच्या श्रमाने अखंड चालू असल्याचे कारण दिले होते.

व्हरांड्यात वकीलबाईंनी हे समजावून सांगितले. काकांनी ते नीट ऐकून घेतले.

"म्हणजे हिनं डोळे फोडून काम केलं, म्हणून समोरच्याचं देणं कमी झालं?"

"तसंच झालंय, काका. मला हे पटत नाही. घरातल्या बाईचं काम फुकट धरता येत नाही, असं वरच्या कोर्टात मांडता येईल. अपील करू या."

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

काकांनी काकूंकडे पाहिले. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या.

"पुरे," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

मला वाटते, अपील करायला हवे होते. मुद्दा भक्कम होता आणि कायद्याला त्याची गरज होती. परंतु कायद्याची गरज भागवण्यासाठी माणसाने आणखी किती वर्षे त्या बाकावर बसावे, हे ठरवणारा मी कोण?

ही हकिगत वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. दोन-चार जुनी गिऱ्हाइके फसवणूक झाली म्हणून तुटली. फसवणूक कशात झाली, हे त्यांतल्या एकालाही सांगता आले नाही. मेहुण्याने फोनवर एवढेच विचारले, "दाजी, एवढं खरं बोलायची काय गरज होती?" काकांनी फोन काकूंकडे दिला.

पडदा आता बाजूला सरकवलेला असतो. काकू पुढे बसतात, काका मागे गठ्ठे लावतात.

मागच्या आठवड्यात एक बाई घाईने आल्या. हातात लोकरी झगा होता, पाठीवर कसर लागून भोके पडलेला.

"काका, तुमच्याच हातचं हवंय. उद्या सकाळी न्यायला येते."

"माझ्या हातचं आता होत नाही," काका म्हणाले. "काम ही करते. तिला विचारा, घेते का."

बाईंनी काकूंकडे पाहिले. काकूंनी चष्मा काढला, दोन्ही डोळे तळव्यांनी दाबले, आणि झगा उजेडात धरून भोके पाहिली.

"उद्या नाही जमणार. पुढच्या आठवड्यात या."

"अहो, असं काय? काका कधी नाही म्हणायचे नाहीत."

"त्यांचं काय जात होतं नाही न म्हणायला?" काकू म्हणाल्या.

मागे गठ्ठे लावणाऱ्या काकांना हसू आले. त्यांनी ते लपवले नाही. बाई क्षणभर घोटाळल्या. मग त्यांनी झगा पुन्हा पिशवीत भरला, बाहेर काढला, आणि शेवटी फळीवर ठेवून त्या निघून गेल्या.

"झगा घेऊन गेली असती म्हणजे?" काकांनी विचारले.

"गेली असती तर गेली असती."

काकूंनी झग्याची घडी घातली, ती फळीवर ठेवली, तिच्यावर डोके टेकले आणि डोळे मिटले. रस्त्यावरून कोणीतरी, दुकान चालू आहे का, असे विचारले. काकांनी बोट ओठांवर ठेवून त्याला पुढे जाण्याची खूण केली.